पोटावरची शस्त्रक्रिया आणि तिच्या धोक्यांचं वेळापत्रक

मार्चमध्ये माझी टमी टक (पोटावरची जादा कातडी कापून काढणं) आणि कमरेच्या दोन्ही बाजूंचं लायपोसक्शन (नळीने चरबी शोषून काढणं) अशी एकत्र शस्त्रक्रिया झाली. आता वर्ष संपत आलंय, शेवटची तपासणी उरकली आहे, म्हणून लिहायला बसले. शस्त्रक्रियेआधी जे काही वाचायला मिळालं त्यात एक तर आधीचे आणि नंतरचे फोटो होते, नाहीतर धोक्यांची लांबलचक यादी. यादी वाचून पोटात गोळा येतो, पण करायचं काय ते कळत नाही. मला खरा आधार झाला तो एका गोष्टीचा. या प्रत्येक धोक्याची आपली एक वेळ असते. काही ऑपरेशन टेबलावरचे, काही त्याच रात्रीचे, काही पहिल्या आठवड्यातले, काही महिना उलटून गेल्यावर डोकं वर काढणारे. कधी कशाकडे लक्ष ठेवायचं हे ठाऊक असलं की भीतीला काहीतरी काम मिळतं. म्हणून जसं घडलं त्याच क्रमाने सांगते.

माझी दोन बाळंतपणं झालेली. त्यानंतर काही वर्षांत हळूहळू बरंच वजन उतरवलं. वजन उतरलं, कातडी मात्र लोंबत राहिली. ओटीपोटावर घडी पडायची, तिच्या आत घाम साचून लाल पुरळ यायचं, मलम लावलं की जायचं आणि पुन्हा यायचं. उताणं झोपून मान उचलली की पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसायचा. व्यायाम, आहार सगळं सांभाळूनही हे तसंच होतं. लोक काय म्हणतील यापेक्षा त्या घडीचा मला रोजचा जाच होता, आणि तो संपवावा असं मनाने घेतलं.

जानेवारीत पहिल्यांदा ज्या क्लिनिकमध्ये गेले तिथे आधी एक समुपदेशक भेटल्या. त्यांनी फोटो दाखवले, दर सांगितला, आणि याच आठवड्यात नाव नोंदवलं तर सवलत मिळेल असंही सांगितलं. सर्जन आले ते अगदी शेवटी, थोड्या वेळासाठी. लायपोसक्शन करू, संध्याकाळी घरी जाल, काही होत नाही, एवढंच बोलणं. माझ्या पोटाला त्यांनी हात लावला नाही. घरी येऊन ताईला फोन केला तर ती एकच वाक्य बोलली, "अगं, पोट तपासलंच नाही आणि पोटाचं ऑपरेशन ठरवलं? दुसरीकडे दाखव." त्या वाक्यासाठी मी तिची कायमची ऋणी आहे.

दुसऱ्या सर्जननी आधी उभं राहायला सांगितलं, मग झोपायला, मग खोकायला. कातडी चिमटीत धरून पाहिली, स्नायूंमधली फट बोटांनी मोजली. मग कागदावर रेघा मारून समजावलं. पोटावर चरबी दोन जागी असते. एक कातडीखाली, स्नायूंच्या वर. दुसरी स्नायूंच्या आत, आतडी आणि इतर अवयवांभोवती. लायपोसक्शनची नळी फक्त पहिलीपर्यंत पोहोचते. मधुमेह आणि हृदयविकाराशी ज्या चरबीचा जास्त संबंध आहे ती आतली, आणि तिला ही शस्त्रक्रिया शिवतसुद्धा नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची बरीच चरबी शोषून काढली होती. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं तर इन्सुलिनचं काम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत काही सुधारणा दिसली नाही. त्यामुळे तब्येत सुधारावी म्हणून हे करायचं असेल तर करू नका, असं त्यांनी सरळ सांगितलं. माझ्या बाबतीत नुसतं लायपोसक्शन करून भागणारही नव्हतं. कातडी आधीच सैल, तिच्याखालची चरबी काढली की ती आणखी लोंबली असती. जादा कातडी कापून काढणं आणि फाकलेले स्नायू शिवून जवळ आणणं, म्हणजे टमी टक, हाच उपाय होता. ही मोठी शस्त्रक्रिया. पूर्ण भूल, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत व्रण, आणि धोकेही नुसत्या लायपोसक्शनपेक्षा जास्त.

खोकताना बेंबीच्या वर त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं होतं. सोनोग्राफी केली, तिथे छोटा हर्निया निघाला. मला कधी दुखलं नव्हतं, काही जाणवलंही नव्हतं. हे कळलं नसतं तर काय झालं असतं ते ऐकून अंगावर काटा आला. लायपोसक्शनमध्ये सर्जन नळी कातडीखाली पुढे-मागे फिरवतो, टोक डोळ्यांना दिसत नाही, हाताच्या अंदाजावर काम चालतं. निरोगी पोटात मधे स्नायूंची भिंत असते. हर्निया असेल तिथे त्या भिंतीला भोक, आणि त्यातून आतडं थेट कातडीखाली आलेलं असू शकतं. नळीने आतड्याला भोक पडलं तर ते त्या वेळी लक्षात येईलच असं नाही. एक-दोन दिवसांनी ताप येतो, पोट फुगतं, उलट्या होतात, वेदना वाढत जाते. आणि ऑपरेशननंतर दुखतंच, असं समजून घरचे थांबून राहतात. डॉक्टरांनी मला तेव्हाच एक कसोटी दिली, ती मी जशीच्या तशी पुढे देते: "दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं, तर वाट पाहू नका."

फेब्रुवारी कागदपत्रांत गेला. विमा कंपनीला आधी पत्र लिहून विचारलं. उत्तर अपेक्षित तेच होतं: सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही. पण पत्रात मी आणखी दोन प्रश्न घातले होते. हर्नियाची दुरुस्ती त्याच भुलीत झाली तर त्या भागाचं काय? आणि नंतर गुंतागुंत होऊन पुन्हा दाखल व्हावं लागलं तर? हर्नियाच्या भागाचा विचार करू, त्यासाठी सोनोग्राफीचा अहवाल, सर्जनचं पत्र आणि वेगळं अंदाजपत्रक द्या, असं उत्तर आलं. गुंतागुंतीबद्दल मात्र साफ नकार. सौंदर्यशस्त्रक्रियेतून उद्भवलेल्या त्रासाचा खर्चही आम्ही देत नाही, असं लेखी आलं. हा दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात. दाखल होण्याआधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या, कारण धोक्याला पैशाचीही एक बाजू असते. पुन्हा दाखल व्हायची वेळ आली तर तो खर्च कुठून उभा करायचा, हे आम्ही नवरा-बायकोने आधीच बसून ठरवलं आणि तेवढी रक्कम बाजूला काढूनच तारीख घेतली.

अंदाजपत्रक मागतानाही नुसता एकूण आकडा घेऊ नका. सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, खोली, चाचण्या, औषधं, पोट आवळून धरणारे कॉम्प्रेशनचे पट्टे (एक धुवायला टाकला की दुसरा लागतो, म्हणून दोन), नंतरची ड्रेसिंग, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. कातडीखाली पाणी साठलं आणि ते काढावं लागलं तर त्याचे पैसे पडतात का? व्रण नीट करायला पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागली तर कशाचे पैसे घेणार, कशाचे नाही? हे विचारताना मला अवघड वाटत होतं, पण बिलिंगच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून दिलं. ऑफिसात रजेचाही प्रश्न होता. ऐच्छिक शस्त्रक्रियेला आजारपणाची रजा लागू होते की नाही याचे नियम सगळीकडे सारखे नसतात. मला काही दिवस वैद्यकीय आणि बाकी हक्काची रजा असं जोडून घ्यावं लागलं.

मग चाचण्या. रक्तातलं हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंडाचं काम, ईसीजी, आणि भूलतज्ज्ञांची वेगळी भेट. या भेटीत मला सर्वात जास्त काही कळलं. त्यांनी रक्ताच्या गुठळीच्या धोक्याचे गुण मोजायचा एक तक्ता भरला. वय चाळिशीपुढे, एक गुण. वजन थोडं जास्त, एक. मोठी शस्त्रक्रिया, दोन. मग विचारलं, घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? वडिलांना झाली होती. त्या एका उत्तराचे तीन गुण. सात भरले, आणि तिथेच ठरलं की मला ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून पोटरीवर हवेचे पट्टे आणि शिवाय हेपॅरिनच्या जातीची, रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं मिळणार. ही माहिती कुठल्याही रक्तचाचणीत दिसत नाही, ती आपल्या तोंडूनच यावी लागते. म्हणून जाण्याआधी आई-वडील, भावंडं, मावशी-आत्या सगळ्यांची विचारपूस करून जा.

औषधांचंही तसंच. इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गोळ्या गुठळीचा धोका वाढवतात, त्या किती आधी बंद करायच्या ते डॉक्टर सांगतात. अ‍ॅस्पिरिन, माशाच्या तेलाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या, काही वनौषधी यांनी रक्तस्राव वाढू शकतो. काहीही आपल्या मनाने बंद करू नका, पण काहीही लपवू नका. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका गृहस्थांची तारीख सिगारेटमुळे पुढे ढकलली होती. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि टमी टकमध्ये कातडीचा जो मोठा पदर उचलून खाली ओढतात त्याचं रक्त आधीच कमी झालेलं असतं. अशा वेळी कातडीचा तुकडा काळा पडून मरू शकतो, बहुतेक करून बेंबीच्या खाली, व्रणाच्या मधोमध, कारण तिथे रक्त सर्वात लांबून येतं. म्हणून किमान महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर तंबाखू पूर्ण बंद. हे ऐकल्यावर आणखी एक उलगडा झाला. पोटाच्या वरच्या मधल्या भागातली चरबीसुद्धा काढा ना, असं मी म्हटलं होतं आणि सर्जननी नकार दिला होता. उचललेल्या पदराला रक्त बाजूंनी मिळतं. मधे जास्त खोदकाम केलं तर तो पदरच धोक्यात येतो. पोट अगदी सपाट करून देण्यापेक्षा कातडी जिवंत ठेवणं त्यांना महत्त्वाचं वाटलं, आणि त्या नकारानेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

संमतीपत्र मी आदल्या आठवड्यात घरी आणून वाचलं. हे मागितलं की देतात. दाखल व्हायच्या सकाळी, उपाशी पोटी, हातात सलाइन असताना बारा कलमं वाचून होत नाहीत. मी प्रत्येक कलमापुढे पेन्सिलीने लिहीत गेले: हे कधी होऊ शकतं? कसं ओळखायचं? कुणाला फोन करायचा? मग तो कागद घेऊन पुन्हा भेटले. भूल आणि रक्तस्राव, टेबलावर. पोटाच्या कातडीखाली सोडलेल्या औषधी पाण्याचे परिणाम, त्याच रात्री. चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात अडकणं, पहिले दोन-तीन दिवस. गुठळी, पहिले काही आठवडे. जंतुसंसर्ग, चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुढे. पाणी साठणं, ड्रेन (आतलं पाणी बाहेर नेणारी नळी) काढल्यानंतर. बधिरपणा आणि व्रण, महिनोन्‌महिने. माझं वेळापत्रक हे असं तयार झालं.

त्या रात्रीच्या धोक्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण दिवसाभरात घरी पाठवणाऱ्या ठिकाणी ते कुणी सांगत नाही. लायपोसक्शनआधी कातडीखाली सलाइन, लिडोकेन हे बधिर करणारं औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलीन यांचं पातळ मिश्रण भरपूर प्रमाणात सोडतात. १९८०च्या दशकात जेफ्री क्लाइन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने ही पद्धत आणली. तिने रक्तस्राव खूप कमी झाला. एरवी अ‍ॅड्रेनलीनसोबत लिडोकेन किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत देतात, या पद्धतीत ३५ मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित मानतात, कारण ते चरबीतून फार सावकाश रक्तात उतरतं. पण सावकाश म्हणजेच उशिरा. रक्तातलं प्रमाण साधारण बारा तासांनी किंवा त्याहूनही पुढे सर्वात वर जातं. सकाळी ऑपरेशन झालं तर मध्यरात्री. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज, गुंगी ही सुरुवातीची लक्षणं, पुढे झटके येऊ शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय काढलेला एकूण ऐवज (चरबी आणि द्रव मिळून) ५ लिटरच्या पुढे गेला तर शरीरातल्या द्रवाचा तोल सांभाळायला रात्रभर दवाखान्यात ठेवावं, अशी शिफारस आहे. माझं तेवढं काढायचं नव्हतं, पण त्या रात्री तुम्ही कुठे असणार, हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा.

मृत्यूचं कलमही होतं. मी विचारलं आणि त्यांनी टाळलं नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत सर्जनकडून जवळपास पाच लाख लायपोसक्शनची माहिती गोळा केली होती. लाखामागे साधारण १९ मृत्यू, आणि त्यांतले जवळजवळ पाव फुप्फुसात गेलेल्या गुठळीने. तेव्हापासून पद्धती सुधारल्या आहेत, पण गुठळीबद्दल ते इतके काटेकोर का होते ते मला त्या आकड्यावरून समजलं.

आणि एक कलम फक्त माझं होतं. टमी टकमध्ये बेंबी भोवतीने कापून देठावर ठेवतात आणि वरून ओढलेल्या कातडीत नवं भोक करून बाहेर काढतात. मग तिला रक्त फक्त त्या देठातून मिळतं. माझा हर्निया नेमका त्याच देठापाशी. तो दुरुस्त करताना तिथलं रक्त कमी पडलं तर बेंबी काळी पडून जाऊ शकते. त्यांनी हे हाताने लिहून खाली माझी वेगळी सही घेतली. जिवाला धोका नव्हता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. बेंबीशिवायचं पोट आपल्याला चालेल का, हे मी मनाशी नीट विचारलं. चालेल, असं उत्तर आल्यावरच दाखल झाले.

ऑपरेशनच्या सकाळी उभं करून पोटावर खुणा केल्या. झोपल्यावर सगळं सपाट होतं, म्हणून उभ्यानेच. बाकी आठवतं ते थेट शुद्धीवर येणं. कमरेत वाकवलेला पलंग, दोन ड्रेन, लघवीची नळी, आणि पोटऱ्यांवर फुसफुसत आवळणारे-सुटणारे पट्टे. पहिली भावना वेदनेची नव्हती, घट्टपणाची होती. सरळ होता येत नाही, खोल श्वास घेता येत नाही. स्नायू शिवल्यावर पोटातला दाब वाढतो, त्यामुळे श्वास उथळ होतो आणि पायातलं रक्त वर यायलाही अडचण होते. म्हणूनच त्याच संध्याकाळी सिस्टरनी वाकलेल्या अवस्थेतच मला उभं केलं आणि दारापर्यंत चालवलं. रात्री त्या अधूनमधून येऊन विचारत होत्या, "ओठांना मुंग्या येतायत का? कानात काही वाजतंय का?" प्रश्न ओळखीचे होते, म्हणून मला त्यांची भीती वाटली नाही.

ड्रेन घेऊनच घरी आले. ड्रेन म्हणजे कातडीखालून निघालेली बारीक नळी आणि टोकाला दाबून ठेवलेला रबरी फुगा, तो आतलं पाणी ओढून घेतो. सकाळ-संध्याकाळ नळी वरच्या बाजूला एका चिमटीत घट्ट धरायची, दुसऱ्या चिमटीने खाली सरकवत आतल्या गाठी फुग्यात ढकलायच्या, फुगा उघडून मापात ओतायचा, आकडा लिहायचा, फुगा दाबून बूच लावायचं. नवऱ्याने हे काम अंगावर घेतलं. तो वहीत तारीख, वेळ, डावा, उजवा, मिलिलिटर आणि रंग असे रकाने आखून लिहायचा. गडद लाल, मग गुलाबी, मग गवती पिवळा. रंग उलट्या दिशेने गेला, एकदम ताजं लाल भरभरून आलं, तर आत रक्तस्राव समजायचा. दिवसाला ३० मिलिलिटरच्या खाली सलग दोन दिवस आलं की ड्रेन निघतो. डावा आधी निघाला, उजव्याने बराच वेळ घेतला. अंघोळीच्या वेळी ड्रेन लोंबू नये म्हणून गळ्यात नाडी बांधून तिला पिनेने अडकवत असे, ही युक्ती सिस्टरची.

पोटाच्या पट्ट्याबद्दल एक सांगते. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असं नाही. पट्ट्याला चुणी पडली तर तिथे कातडीवर खोल रेघ उमटते आणि बधिर कातडीला ते कळतही नाही. बसल्यावर, उठल्यावर आरशात पाहून तो सपाट करायचा. गरम पाण्याची पिशवीही चुकूनसुद्धा नाही. संवेदना नसलेल्या जागी भाजलेलं कळत नाही.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी उजवी पोटरी दुखायला लागली. खूप नाही, पण एकाच पायात, आणि दाबल्यावर जास्त. वेळापत्रकाप्रमाणे हीच ती वेळ होती. "चालल्यामुळे असेल," असं नवरा म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याने फोन लावला. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे पायातलं रक्त नीट वाहतंय का याची तपासणी झाली. गुठळी नव्हती. रेडिऑलॉजिस्ट म्हणाल्या, "बरं केलंत आलात ते." एका पायाला सूज, पोटरीत दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यात रक्त, यांतलं काहीही झालं तर थांबू नका. धाप लागली तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

दुसरा आठवडा मनाला फार जड गेला. पोट सुजून आधीपेक्षा मोठं दिसत होतं, वजनकाटाही वर गेला होता, ते सगळं साठलेलं पाणी होतं. धाकटा मिठी मारायला धावला की त्याला हाताने अडवायचं. स्वतःहून हे का ओढवून घेतलं, असं वाटून रडू यायचं. नंतर कळलं की ही उदासी अनेकांना येते आणि सूज ओसरते तशी तीही ओसरते. पण ती येणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते गोंधळत नाहीत.

साधारण तिसऱ्या आठवड्यात, दुसरा ड्रेन निघून गेल्यावर, एका सकाळी अंथरुणातून उठताना ओटीपोटात काहीतरी हललं. हात ठेवून एका बाजूने टिचकी मारली तर दुसऱ्या हाताला लाट लागली. सेरोमा, म्हणजे कातडी आणि स्नायूंच्या मधल्या मोकळ्या जागेत पाणी साठणं. टमी टकमधली ही सर्वात नेहमीची गुंतागुंत. माझ्या सर्जननी आतून टाके घालून कातडी जागोजागी स्नायूला टाचली होती, त्याने हे कमी होतं पण अजिबात टळतं असं नाही. बाह्यरुग्ण विभागात जाड सुईने पाणी काढलं. सुई टोचताना मला काही कळलं नाही, बधिरपणाचा तेवढा एकच फायदा. मोठी सिरिंज गवती रंगाच्या पाण्याने भरली, मग आणखी एक. काही दिवसांनी पुन्हा साठलं, पुन्हा काढलं, दर वेळी कमी. तसंच सोडलं असतं तर त्याला जंतू लागू शकले असते, किंवा भोवती कायमचं आवरण तयार होऊन ते शस्त्रक्रियेने काढावं लागलं असतं. या काळात लवकर बरं वाटतंय म्हणून घरकामाला लागू नका. जितकी हालचाल घासून होते तितकं पाणी वाढतं, हे मी वहीतल्या आकड्यांत पाहिलंय.

बेंबीच्या कडेला खपली धरली होती, गडद तपकिरी. रोज सकाळी ड्रेसिंग उघडताना छातीत धडधडायचं. दीडेक महिन्याने खपली सुटली आणि खालून गुलाबी कातडी दिसली. बेंबी वाचली. थोडी वाकडी आहे.

सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं तेव्हाचाही एक धोका असतो. क्षयाच्या जंतूंच्या जातीचे पण क्षय न करणारे काही जंतू पाण्यात आणि मातीत असतात. उपकरणं नीट निर्जंतुक झाली नसतील तर ते जखमेत शिरतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी गाठी, लाल फोड, वाहणारी छिद्रं होऊन बाहेर येतात. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, उपचार अनेक महिने चालतात. ऑपरेशनआधी मी सर्जनना विचारलं होतं की नळ्या कशा निर्जंतुक करता. दाब-वाफेच्या यंत्रात, आणि त्याची नोंदवही दाखवू का, असं त्यांनीच विचारलं. बऱ्या झालेल्या व्रणाजवळ उशिरा गाठ आली तर डॉक्टरांकडे जाऊन हाच संशय बोलून दाखवा आणि पू खास तपासणीला पाठवायला सांगा.

आज कशी आहे? घडी गेली, पुरळ गेलं, हर्निया गेला. व्रण लांब आहे, अजून लालसर आहे, पूर्ण फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. बेंबीखालचा तळहाताएवढा भाग बधिर आहे आणि त्यातला काही कायम तसाच राहील असं सांगितलंय. उजव्या टोकाला कातडीची छोटी चुणी राहिली आहे. ती भूल देऊन काढता येते, मी तूर्त काढणार नाही. वजनही सांभाळावं लागणारच. काढलेल्या जागची चरबी वर्षभरात शरीराच्या दुसऱ्या भागात, विशेषतः वरच्या पोटावर, परत येऊ शकते, असं २०११च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

शेवटच्या तपासणीला मी ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घेतली. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असतात, त्या पुरेशा नाहीत. स्नायू कुठून कुठपर्यंत शिवले, कोणता धागा वापरला, हर्नियाच्या जागी जाळी बसवली की नाही, किती ऐवज काढला, किती औषध दिलं, हे त्या नोंदीत असतं. पुढे कधी पित्ताशयाचं किंवा आणखी कुठलं पोटाचं ऑपरेशन करावं लागलं, किंवा कुणाला पुन्हा गर्भारपण आलं, तर त्या डॉक्टरांना हीच नोंद लागणार. अर्ज द्यावा लागला, रेकॉर्ड विभागातून मिळायला दोन आठवडे लागले. तुम्ही डिस्चार्जच्या दिवशीच अर्ज देऊन ठेवा.